फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न

संक्रांत जवळ आली की आमच्या गावातल्या बायकांची एकच चौकशी सुरू होते, यंदा संक्रांत काय नेसून आली? तिनं जो रंग नेसला तो त्या वर्षी आपण नेसायचा नाही, असं पंचांग सांगतं. मग त्या रंगाच्या सगळ्या साड्या गुपचूप ट्रंकेत जातात. मी हे मानते असं नाही, पण मोडतही नाही. ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी पिवळा वर्ज्य होता. काळ्याबद्दल पंचांगात अवाक्षर नव्हतं. म्हणून लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी नगरच्या कापड बाजारातून काळी चंद्रकळा आणली, लाल काठांची. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही अजून नगरलाच जातो. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी पण एक घ्या." मी म्हटलं, "या वयात काय करायचीय?" तर शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "घे की. तुला काळं खुलतं." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा असं बोलला तर कोण सोडेल? घेतली.

आमचे हे एसटीच्या डेपोत पेंटर होते. गाडीच्या कपाळावर जी पाटी असायची ना, नेवासा, शेवगाव, पैठण, ती यांच्या हातची. अक्षर असं की लांबून म्हाताऱ्या माणसालाही आपली गाडी कळावी. पुढे विजेच्या पाट्या आल्या आणि हेही रिटायर झाले. घरात बसले तरी हात शिवशिवायचे. एक दिवस भिंतीवर माझं नाव रंगवायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "बाहेर कुठंतरी जाऊन रंगवा, बाबा."

चौकात दूध डेअरीसमोर ग्रामपंचायतीचा एक फळा पडून होता. यांनी तो घासला, काळा रंग दिला आणि रोज सकाळी खडू घेऊन जायला लागले. वरती तिथी-वार. मधे गावची खबर, म्हणजे कुणाचा दहावा, कुणाची शेळी हरवली, पोरांना डोस कधी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून एक प्रश्न. रोजचा नवा.

"शाळेच्या टाकीला तोटी कधी बसणार?" "रेशनचं मशीन अंगठा ओळखत नाही, मग आमचा अंगठा कुणाचा?" असले प्रश्न. डेअरीवर दूध घालायला येणारा प्रत्येक जण किटली खाली ठेवून आधी कोपरा वाचायचा. हसायचे लोक. आठवड्याभरात टाकीला तोटी बसली तेव्हा तर यांना कोणी धरेना. मी चिडवायचे, "गावाला प्रश्न विचारता, दळण संपलंय का ते घरात कधी विचारलं नाहीत." हे म्हणायचे, "तुला विचारायची माझी छाती नाही." खोटं होतं ते. या माणसाला कुणाची भीती वाटलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि कुणावर आवाज चढवलेलाही नाही. मांजरालासुद्धा "जा गं बाई" म्हणतात.

त्या संक्रांतीलाच शेजारच्या मोठ्या गावात नवीन सरकारी दवाखान्याचं उद्घाटन निघालं. फार मोठे पाहुणे यायचे होते. आठ दिवस आधीपासून रस्ता झाडला जात होता, दुभाजकाला चुना लागत होता. दवाखान्याची इमारत मी पाहिली होती, झकास होती. फक्त आत डॉक्टर नेमलेला नव्हता. नर्सबाई होती, तीही दोन गावांना मिळून. आमच्या ह्यांनी कोपऱ्यात लिहिलं, "फीत संक्रांतीला कापणार, डॉक्टर कोणत्या सणाला येणार?"

लोकांनी त्याचे फोटो काढले. मोबाईलवरून मोबाईलवर कुठं कुठं गेले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील आमच्या अंगणात. गावचाच माणूस, यांना नाना म्हणतो.

"नाना, तेवढं पुसून टाका. वरून फोन आलाय."

"पुसतो की," हे म्हणाले. "डॉक्टर कधी येणार ते वरून विचारून घे. उत्तर लिहितो अन् प्रश्न पुसतो."

"थट्टा न्हाई, नाना. वहिनी, तुमी तरी सांगा."

मी म्हटलं, "मी काय सांगू? मला बी डॉक्टर पायजेच हाय." तो हात जोडून गेला. त्याच दुपारी एक नोटीस आली. यांच्यामुळे सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे, असं त्यात होतं. मी दोनदा वाचून घेतलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शांततेचा भंग आणि हे? घोरतातसुद्धा हळू!

"फाडून टाका," मी म्हटलं. यांनी घडी घालून ती पंचांगात ठेवली. प्रश्न मात्र पुसला नाही. खडूचं अक्षर दवानं फिकं झालं होतं, ते सकाळी जाऊन पुन्हा गिरवून आले.

संक्रांतीच्या सकाळी मी सुगडं मांडत होते. बोरं, उसाची कांडं, हरभऱ्याचे घाटे, सगळं परातीत काढलेलं. तेवढ्यात दाराशी पोलिसांची गाडी थांबली. एक हवालदार उतरला, अगदी अदबीनं बूट काढून ओट्यावर आला.

"काका, साहेबांनी बोलावलंय. दौरा झाला की संध्याकाळी सोडतो."

"कशासाठी?" यांनी विचारलं.

"काही नाही हो, नुसतं बसायचंय. चहा-नाष्टा सगळं आहे तिथं."

मी परात खाली आपटली. "चहा-नाष्टा आमच्या घरात नाही का? गुन्हा काय केलाय यांनी?"

"गुन्हा केला नाही मावशी," तो म्हणाला. "करू नये म्हणून."

त्याला हे बोलताना काही चुकीचं वाटलं नाही. रोजचंच असावं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगायला माणसाला सणाच्या दिवशी गाडीत घालून न्यायचं, आणि वर काका म्हणायचं! त्यानं शिवी दिली असती तर मी चार शिव्या परत दिल्या असत्या. अदबीला काय उत्तर द्यायचं? हे मला म्हणाले, "चष्मा दे. आणि पोरगी आली तर तिला रडू देऊ नकोस." गाडीत बसताना यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. फोटो काढायला बसताना लावतात तशी.

थोड्या वेळानं लेक आली. जावयांची नगरच्या एमआयडीसीत ड्यूटी होती, ते तिला सोडून गेले. सासरचं हळदीकुंकू पुढच्या आठवड्यात होतं म्हणून संक्रांतीचा दिवस तिनं माहेरासाठी मागून घेतला होता. वडिलांना चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून दाखवायचं होतं तिला. दागिने मी घरीच केले होते, गळ्यातलं, बाजूबंद, बिंदी. तिनं सगळं घातलं आणि मग विचारलं, "पप्पा कुठंयत?"

मी सांगितलं. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी केलंय. "आणि तू जाऊ दिलंस?" म्हणाली.

मी काय करणार होते? गाडीपुढे आडवी पडणार होते? पण तिचं ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तेवढ्यात बचत गटाची अध्यक्षीण दारात. गावात बस उभी होती, सगळ्या बायांनी उद्घाटनाला यायचं होतं. "हजेरी घेणारेत. योजनेतून नाव कटलं तर मला बोलू नका." खरं तर मी तिला अंगणातूनच वाटेला लावलं असतं. पण पोलीस ठाणं मेळाव्याच्या मैदानाला लागूनच होतं. म्हटलं, फुकटची बस आहे, बसू. गुळाच्या पोळ्या आणि तिळगूळ डब्यात भरला, माझीही काळी साडी नेसले आणि दोघी निघालो.

बसमध्ये चढले आणि पाहिलं, गावातल्या निम्म्याहून जास्त बाया काळ्यात. नव्या सुना चंद्रकळेत, म्हाताऱ्या काळ्या इरकलीत. संक्रांतच ती, दुसरं काय नेसणार? एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत, पदर चिमटीत धरून पाहत आम्ही मैदानाच्या फाटकाशी उतरलो. तिथल्या महिला पोलिसानं आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

"अगं बाई, हे काय! काळं चालत नाही आत. काळं काही म्हणजे काही नाही."

आम्हाला आधी कळेचना. मग तिच्या मागचा ढीग दिसला. छत्र्या, टोप्या, मफलर, पोरींचे काळे स्कार्फ, पुरुषांचे काळे मोजेसुद्धा. कोणी निषेधाचं काळं फडकं दाखवू नये म्हणून आदेश होता, आत काळं काही न्यायचं नाही. आदेश काढणारा एक तर बाईमाणूस नसावा, नाहीतर त्याच्या घरात कुणी संक्रांत करत नसावं.

"अगं, आज संक्रांत हाय," एक म्हातारी म्हणाली.

"मला कळतं आजी. माझी पण आहेच की. वरून ऑर्डर आहे."

"मग लुगडं फेडून ठिवू का हितं?"

बाया खो खो हसल्या. एक सून पुढे झाली, गळ्यातलं मंगळसूत्र उचलून म्हणाली, "आणि याचं काय करू ताई? मणी काळेच हायेत." त्या पोलीसबाईचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला. तिच्याही गळ्यात तेच होतं. तीही हसली. एवढा एक क्षण मला फार बरं वाटलं. वाटलं, आता हिला पण कळलं, हे किती खुळं आहे ते. आता सोडेल.

पण ती आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. मागून दोघं जण गुलाबी कापडांचे गठ्ठे घेऊन आले. स्वागताची उपरणी होती ती. प्रत्येकीनं दोन-दोन घ्यायची, एक खांद्यावरून आणि एक कमरेला, काळं दिसता कामा नये. आणि काय सांगू, बायांनी घेतली! अजून हसतच होत्या, पण घेतली. एक म्हणाली, "चला, फुकटात कापड मिळालं." ज्या म्हातारीनं लुगडं फेडायची भाषा केली होती, तिनं सगळ्यात आधी गुंडाळलं. मी बघत राहिले. पंचांगानं पिवळा सोडायला सांगितला तेव्हा निदान वर्षभर आधी पुस्तकात छापलं होतं. आणि तो सोडला नाही तर कोणी फाटकात अडवत नव्हतं.

लेकीच्या हातात उपरणं दिलं तेव्हा तिनं ते घडी करून परत टेबलावर ठेवलं. "माझी पहिली संक्रांत आहे," म्हणाली, "मी यावर काही पांघरणार नाही." पोलीसबाई समजावत होती, अध्यक्षीण डोळे वटारत होती. मी लेकीचा हात धरला आणि म्हटलं, "चल, आपल्याला आत जायचंच कुठं होतं?" पाठीमागून अध्यक्षीण ओरडली, "हजेरी लागणार न्हाई!" मी म्हटलं, "नको लागू दे." तेवढा एकच शूरपणा त्या दिवशी माझ्या हातून झाला, तोही लेकीच्या जिवावर.

ठाण्याच्या व्हरांड्यात एका बाकावर हे बसले होते. शेजारी कांद्याच्या भावावरून आंदोलन करणारे दोघं-तिघं. त्यांना सवय होती, ते पेपर वाचत होते. हे मात्र हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. आम्हाला पाहून उठले. मग उठायची परवानगी आहे का ते बघायला त्यांनी हवालदाराकडे पाहिलं.

लेक त्यांच्या पाया पडली. हे तिच्याकडे बघत राहिले, काळी साडी, पांढरा शुभ्र हलवा. "छान दिसतेस गं," म्हणाले. जिचं कौतुक अंगणात व्हायचं तिचं तिथं झालं, मागे बिनतारी यंत्राची खरखर आणि भिंतीवर फरारी लोकांचे फोटो. लेकीनं डबा उघडला. वडिलांच्या हातावर तिळगूळ ठेवला. संस्कार वाईट असतात एकेकदा. तिनं डबा हवालदारापुढेही धरला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

त्यानं दोन उचलले, एक तोंडात टाकला आणि हसत म्हणाला, "ताई, हे आम्हाला नका सांगू. तुमच्या पप्पांना सांगा. गोड बोलले असते तर आज घरी नसते का?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. बाकावरचे लोकही हसले. हेही हसले. पण मी यांच्यासोबत संसार केलाय. यांचं हसू कुठवर पोचतं ते मला कळतं. त्या दिवशी ते ओठांच्या पुढे गेलं नाही.

संध्याकाळी खरंच सोडलं. घरापर्यंत गाडी आली. कोणी मारलं नाही, कोणी दटावलं नाही, चहा दोनदा दिला. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड फाटेस्तोवर सांगत होते, काय झालं ते. हे म्हणायचे, "जाऊ दे. त्यांनी काही त्रास दिला नाही." दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिथी होती, दहाव्याची खबर होती, आणि कोपऱ्यात चौकटीत लिहिलं होतं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मला वाटलं, टोमणा आहे. चांगला मारला. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं सुविचार आला. मग रोजच सुविचार. नेहमी खरे बोलावे. पाणी हेच जीवन. चौकट तीच, अक्षर तेच देखणं.

लोक किटली खाली ठेवून कोपऱ्याकडे बघायचे आणि किटली उचलायचे. "प्रश्न कुठं गेला नाना?" असं एकानंही विचारलं नाही. पोलीस पाटील तर मला म्हणाला, "आता कसं नाना झ्याक लिव्हत्यात." पावसाळ्याच्या आधी डेअरीच्या खांबावर कॅमेरा बसला, गावाच्या सुरक्षेसाठी. त्याचं तोंड चौकाकडे आहे. चौकात बघण्यासारखं दुसरं आहे काय? फळा, पार आणि कुत्री.

आता पुन्हा संक्रांत आली आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. परवा तिला दम लागला, पाय सुजले, म्हणून तिला घेऊन त्या नव्या दवाखान्यात गेलो. फरशी चकचकीत, उद्घाटनाची कोनशिला चकचकीत. नर्सबाईनं रक्तदाब बघितला, तिचा चेहरा मला आवडला नाही. "डॉक्टर अजून मिळाले नाहीत," म्हणाली, "नगरला न्या." भाड्याच्या जीपमधून खडखडत नगरला नेली. आता बरी आहे, पण त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या काळजातून गेला. हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. खांदे तेवढे दिसत होते.

घरी आल्यावर मी म्हटलं, "लिहा. तोच प्रश्न लिहा. आता तरी लिहा."

यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कसा लिहू? म्हणजे, जरा सौम्य लिहू का? डॉक्टर मिळावेत ही विनंती, असं?"

मला विचारत होते! ज्या माणसानं पाटीवर कुठलं अक्षर किती मोठं काढायचं हे साहेबालासुद्धा विचारलं नाही, तो मला विचारत होता, चालेल ना म्हणून. मी म्हटलं, "तुम्हाला लिहायचं तसं लिहा." काल सकाळी खडू घेऊन गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, "लिहिलंत?"

"लिहिलं," म्हणाले आणि हात धुवायला मोरीवर गेले.

थोड्या वेळानं दूध घेऊन मी डेअरीवर गेले. मुद्दामच गेले, बघायला. कोपऱ्यात चौकट होती. आत काही नव्हतं, नुसता पांढरा फराटा, ओल्या हातानं पुसल्यासारखा.

"कुणी पुसलं हे?" मी ओरडलेच. "पाटील आला हुता का?"

डेअरीवाला माप घालता घालता थांबला. "कुनी न्हाई आलं, काकू. नानांनी लिवलं. झ्याक लिवलं हुतं, डॉक्टरचंच. मग जरा वेळ वर त्या कॅमेऱ्याकडं बघत हुबं ऱ्हायले. अन् आपल्याच हातानं पुसलं."

घरी आले तर हे अंगणात लेकीला बोरं निवडून देत होते. तिच्यासाठी माझी गेल्या वर्षीची काळी साडी मी दोरीवर वाळत टाकली होती, तिच्या चंद्रकळेवरचा ब्लाउज तिला आता घट्ट होतो म्हणून. हे म्हणाले, "ती काळी आज आत वाळत घालतेस का? रस्त्यावरून दिसते." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. उजव्या हाताच्या रेषांत खडू धुऊनही तसाच होता. मी, जिनं जन्मात कधी शब्द गिळला नाही, तिनं साडी काढली, आत नेली, आणि तीळ भाजायला घेतले.